मनोबळाचे नियम

लोधिवली, १२ नोव्हेंबर १९८५

दादा,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच ठेवून देशील असं आईला वाटतं. मला तसं वाटत नाही. तू चिडतोस खरा, पण आत काय आहे हे कळल्याशिवाय तुला चैन पडत नाही. मस्कतचा पत्ता आईकडून घेतला. लग्नाला का आला नाहीस ते विचारणार नाही. काम आहे म्हणून लिहिते.

काम काळूरामचं आहे. इथे मी सगळ्यांसमोर 'हे' म्हणते, पण तुझा तो मित्र, म्हणून तुला नावच लिहिते.

परवा सासूबाईंनी विचारलं, "काय गं, तुमचा तो खेळ व्हता तरी कसला?" मी सांगायला बसले. म्हटलं, आमचा गजादादा मुंबईला कॉलेजात होता तेव्हा मित्राकडून एक इंग्रजी पुस्तक घेऊन आला. पट नाही, सोंगट्या नाहीत. एक जण सूत्रधार होतो आणि गोष्ट सांगतो, की तुम्ही गुहेच्या तोंडाशी उभे आहात, आतून धूर येतोय. बाकीच्यांनी कोणी चोर व्हायचं, कोणी लढवय्या, कोणी मांत्रिक, आणि आपण काय करतो ते बोलायचं. जमलं का फसलं, ते फासे ठरवतात. वीस बाजूंचे फासे कर्जतात कुठून मिळणार, म्हणून दादानं चिंचोक्यांवर आकडे घातले आणि तांब्यात टाकले. दर रविवारी आमच्या ओट्यावर दादा, मी, पोस्टातला हिरू आणि तुमचे चिरंजीव. सासूबाई म्हणाल्या, "येवढी मोठी मानसं? चिंचोके घेऊन?" आणि पदर तोंडाला लावून हसल्या.

पुढचं मी त्यांना सांगितलं नाही. ती दुसरी पातळ पुस्तिका, मूळ खेळाला जोडायची पुरवणी. तू तिचं मराठी केलंस, फुलस्केप कागदांवर, वर ठळक अक्षरात 'मनोबळाचे नियम'. दुसऱ्याचं मन वाचणं, लांबचं दिसणं, पुढचं कळणं. ही शक्ती मागून मिळायची नाही, शंभर चिंचोक्यांतला एकच योग्य निघाला तर मिळायची. हिरूचा हात रिकामा, माझाही. काळूरामनं हात घातला आणि नेमका तोच काढला. त्याच महिन्यात त्याला कारखान्यातून कमी केलं होतं. त्याचा तो चेहरा तुला आठवत असेल.

तर दादा, त्याला खरंच काहीतरी कळतं. हसू नकोस. शेजारची गाय नदीकडच्या बांधाला आहे म्हणाला, तिथेच सापडली. गावातल्या नवशाचा मुलगा घरातून पळाला, सगळे पुण्याला शोधायला निघाले. काळूराम म्हणाला, "पुन्याला नाय, पनवेलला हाय." पनवेललाच होता. आता लोक येतात, नारळ आणतात. मला 'चंद्रावयनी' म्हणून बसायला पाट देतात. कर्जतला तुझी बहीण म्हणून ओळखायचे, इथे माझी वेगळी ओळख झाली आहे.

पुरवणीतल्या पुढच्या पायऱ्यांचं मराठी तू केलंच नाहीस आणि पुस्तिका तुझ्याबरोबर गेली. त्याला तो भाग हवा आहे. पाठव.

तो बरा आहे, डोकं तेवढं दुखतं. मीही बरी आहे. कधी कधी भाकरी थापताना तो मागे उभा आहे असं वाटतं. वळून बघते तर असतो.

तुझी
चंद्रा


लोधिवली, १९ जानेवारी १९८६

दादा,

तुझं उत्तर नाही. तरी लिहिते, कारण इथे कुणाशी बोलायची सोय नाही.

काळूरामनं चौक गावातल्या गॅरेजमधलं काम सोडलं. म्हणतो, इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नाही. काय ऐकू येत नाही ते विचारलं नाही मी. जेवण झालं की मला समोर बसवतो आणि कपाळावर अंगठा टेकवतो. सराव. तूच मराठीत लिहिलं होतंस ना, जवळच्या माणसाचं मन आधी उघडतं म्हणून. डोळे मिटून बसतो आणि म्हणतो, "भेंडी. तुझ्या मनात भेंडीची भाजी हाय." मी त्या वेळी तुझा विचार करत असते. मी हो म्हणते.

सुरुवातीला त्याला बरं वाटावं म्हणून हो म्हणत होते. नोकरी गेल्यापासून कोणी त्याला काही विचारत नव्हतं, त्याचा शब्द कुठे खरा होत नव्हता. एकदा मात्र नाही म्हटलं. त्यानं अंगठा काढून घेतला. मग म्हणाला, "म्हंजी तू लपवतेस." त्या दिवशी माझ्या हातचं जेवला नाही. आता नाही म्हणायची छाती होत नाही.

हिरू येऊन गेला. काळूराम घरी नव्हता म्हणून मोकळेपणी बोलला. तुमचं भांडण झालं तो रविवार निघाला. काळूराम खेळाच्या मध्येच तुझ्याकडे बघून म्हणाला होता, "गजा, तुला खेळ मोडायचाय. तुझा परदेशाचा कागद आलाय, तू सांगत नायस." तुझा चेहरा उतरला होता, तांब्या भिरकावून दिलास तू. आम्हाला वाटलं, त्यानं तुझं मन वाचलं. हिरू म्हणतो, "अगं, मीच त्याला सकाळी बोललो व्हतो. मस्कतचं पाकीट माझ्याच हातून गेलं."

मी काळूरामला विचारलं. तो शपथेवर सांगतो की हिरू काहीही बोलला नव्हता. आणि दादा, तो खोटं बोलत नव्हता. मला माणूस कळतो. नवशाच्या मुलाचंही तसंच. पनवेलच्या एका ट्रकवाल्यानं गॅरेजमध्ये त्याच्यासमोर सांगितलं होतं, असा मुलगा स्टँडवर कपबशा धुतोय म्हणून. काळूराम ऐकलेलं विसरतो आणि कळलेलं लक्षात ठेवतो.

चांगो रोज येतो हल्ली. हायवेवर त्याचा मोठा ढाबा आहे, जीप आहे, गावात त्याच्यापुढे कोणी बोलत नाही. त्याच्या धाकट्या मुलीला फिट येतात. पनवेलच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, त्या त्यानं बंद केल्या. काळूराम बघतोय ना, मग गोळ्या कशाला, म्हणतो. मी काळूरामला म्हटलं, गोळ्या चालू ठेवायला सांगा. तो म्हणाला, "माझ्यावर इस्वास नाय तुझा?" सासूबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी फुंकणी खाली ठेवली आणि बाहेर गेल्या.

चंद्रा


लोधिवली, ८ मार्च १९८६

दादा,

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं आणि चुलीत घातलं, म्हणून उत्तरात काही सुटलं तर समजून घे.

तो चिंचोका तू बोटांत धरून ठेवला होतास. तांब्या पुढे करताना तूच तो काळूरामच्या बोटांखाली सरकवलास, कारण त्याची नोकरी गेली होती आणि एक रविवार तरी त्याचा आनंदात जावा असं तुला वाटलं. आणि पुढच्या पायऱ्या वगैरे काही नाहीत, पुस्तिकेत पुढे नुसते तक्ते आहेत. हे तू आधी सांगितलं असतंस तर, असं लिहिणार होते. नाही लिहीत.

मी त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं चिडेल, रडेल, निदान मोकळा होईल. तो हसला. म्हणाला, "गजाला वाटतं त्यानं दिला. त्याच्या मनात ते घातलं कुनी? मीच की."

मी भांडी घासायला घेतली.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट आहे. तुझ्या मराठी कागदांत तू शेवटी ते प्राणी घातले होतेस, मन खाणारे. मन वाचणाऱ्याचा वास त्यांना येतो आणि ते त्याला शोधत येतात, आणि त्यांचं मन मात्र कोणालाच वाचता येत नाही. आम्ही त्या रविवारी केवढे हसलो होतो, हिरूनं एकाला दाण्याचा लाडू देऊन पळवून लावलं होतं. काळूराम आता हसत नाही. तो म्हणतो, गावात एक आहे.

विठाबाई तुला माहीत नसेल. चांगोच्या ढाब्याला लागून तिची चहाची टपरी आहे. नवरा गेल्यापासून एकटी चालवते. ती जागा चांगोला ढाब्यासाठी हवी आहे आणि ती देत नाही, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. काळूराम परवा चहाला गेला आणि तिच्या कपाळाला हात लावायला लागला. विठाबाई म्हणाली, "हात बाजूला घे रं बाबा, दूध उतू जातंय." आजूबाजूचे ड्रायव्हर हसले.

घरी येऊन तो भिंतीकडे तोंड करून बसला. "तिचं मन लागत नाय मला," म्हणाला. "भिंतीवानी हाय." मी म्हटलं, अहो, तिला घाई होती. तो म्हणाला, "नाय गं. तीच हाय ती."

हे त्यानं चांगोला सांगितलं का, ते मी विचारलं नाही. चांगोची जीप आता सकाळ-संध्याकाळ दारात असते. माझ्या बोटांना लागलेली शाई बघून काळूरामनं विचारलं, कुणाला लिहितेस? मी म्हटलं, आईला.

चंद्रा


कर्जत, २१ एप्रिल १९८६

दादा,

आईच्या घरून लिहिते. मी सुखरूप आहे, आधी तेवढं वाच आणि मग बाकीचं.

चांगोची मुलगी गेली. फिट आली ती उतरलीच नाही. सहा वर्षांची होती. तिला दवाखान्यात न्यायच्या ऐवजी आमच्याकडे आणलं होतं. काळूराम तिच्या उशाशी डोळे मिटून बसला होता आणि मी दारात उभी राहून ओरडत होते की जीप काढा, जीप काढा. तिच्या आईनं माझ्याकडे बघितलं. ती नजर मी विसरणार नाही. पण ती उठली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी विहिरीवर होते. बाया बोलत होत्या की चांगोनं माणसं जमवली आहेत, टपरी पाडणार आणि विठाबाईला देवळापुढे आणून 'बोलती करणार'. एक म्हणाली, "काळूरामनंच नाव घेतलं म्हनं." मला बघून गप्प झाल्या. मी कळशी तिथेच टाकली.

विठाबाई फडक्यानं बाकडं पुसत होती. तिला सांगितलं तर म्हणते, "मी काय केलंय? मी कुटं जाऊ?" तिला हाताला धरून शेतातनं ओढत आणली. कुठे नेऊ ते सुचत नव्हतं. ज्या घरात कोणी बघणार नाही असं एकच घर होतं. आमचं.

सासूबाई दारातच होत्या. त्यांनी विठाबाईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता हाका मारतील. त्या म्हणाल्या, "वर चढव तिला. बिगीबिगी." शिडी त्यांनीच धरली. माळ्यावर पेंढा भरलेला आहे, त्याच्या मागे ती बसली. सासूबाईंनी पाण्याचा तांब्या वर दिला आणि शिडी मागीलदारी नेऊन आडवी टाकली. मग खाली बसल्या आणि तांदूळ निवडायला लागल्या. तांदूळ सुपाबाहेर पडत होते.

तेवढ्यात हायवेकडून धूर दिसला. टपरी पेटवली होती. विठाबाई मिळाली नाही म्हणून सगळे देवळापाशी आले, आणि मग मला बोलावणं आलं. काळूरामनंच बोलावलं होतं.

पारावर तो बसला होता. भोवती पन्नासेक माणसं, काहींच्या हातात काठ्या. नवशासुद्धा होता, त्यानं मान खाली घातली. चांगोचे डोळे सुजलेले होते. तो काळूरामला म्हणाला, "सांग. कुटं हाय ती?" काळूराम म्हणाला, "चंद्रेला बसवा माझ्यापुढं. तिच्यातनं मला सोपं दिसतं."

मी बसले. त्यानं माझ्या कपाळावर अंगठा टेकवला. दादा, मी ठरवलं होतं की दुसरंच काहीतरी मनात आणायचं, आपला ओटा, भेंडी, काहीही. मला जमलं नाही. माझ्या मनात फक्त विठाबाई होती. माळ्यावर, पेंढ्यामागे, तोंडात पदर कोंबून बसलेली. त्याच्या अंगठ्याखाली ती मला इतकी स्पष्ट दिसत होती की मला वाटलं, संपलं.

त्यानं डोळे उघडले आणि म्हणाला, "हिच्या मनात काय नाय. कोरं हाय."

मग पुन्हा डोळे मिटून म्हणाला, "दिसली. कर्जतला गेली ती. तिथनं गाडीत बसून घाटाकडं निघालीय."

जीप भरली, एक टेंपो भरला, काळूरामला पुढे बसवून सगळे कर्जतकडे सुटले. मी घरी आले, शिडी लावली. आम्ही दोघी उलट्या दिशेची एसटी धरून खालापूरला पोलीस ठाण्यात गेलो. फौजदारांनी विठाबाईला पाणी दिलं, सगळं नीट ऐकलं आणि तक्रार लिहून घेतली. चांगोला दुसऱ्या दिवशी धरलं, मग जामिनावर सोडलं. काळूरामला नुसतंच बोलावून विचारलं. विठाबाई नेरळला तिच्या बहिणीकडे आहे. मी इथे.

लोक म्हणतील, काळूराम खोटारडा आहे. तो खोटारडा असता तर मी त्याच्याशी भांडले असते, परत गेले असते. माझ्या कपाळावर हात ठेवून त्यानं आत बघितलं आणि त्याला काहीच दिसलं नाही, आणि ते त्याला खरं वाटलं. त्या माणसाशी मी दोन वर्षं संसार केला.

चंद्रा


कर्जत, ४ मे १९८६

दादा,

तुझी तार मिळाली. रजा मिळणार असेल तर ये, पण माझ्यासाठी नोकरी सोडून येऊ नकोस.

काल सकाळी काळूराम आला. मी ओट्यावर गहू वाळत घालत होते. बरोबर गावातले दोघं होते, ते पायरीवर बसले. तो वाळला आहे. डोक्याला ओलं फडकं बांधलेलं असतं हल्ली. मला बघून त्याचे डोळे भरून आले. ते खरे होते, दादा. मी त्याला पाणी दिलं.

"चल घरी," म्हणाला. "आई जेवत नाय धड."

मी म्हटलं, "मी येणार नाही. खालापूरला माझा जबाब आहे. बघितलं ते सांगणार आहे."

"तू येनार. मला दिसलंय."

मला वाटलं, आता याला एकदाच, सरळ सांगावं. शुद्धीवर आणायला दुसरं काही उरलं नव्हतं. मी म्हटलं, "अहो, त्या दिवशी विठाबाई कुठे होती?"

"घाटात. गाडीत."

"आपल्या माळ्यावर होती. तुमच्या डोक्यावर. मीच नेली, आईंनी शिडी धरली. तुम्ही माझ्या कपाळाला हात लावलात तेव्हा माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. तीच होती. तुम्हाला नाही दिसली. तुम्हाला कुणाचंच काही दिसत नाही. त्या पोरीच्या गोळ्या चालू असत्या तर ती आज हिंडत असती."

मी बोलत असताना त्याचं तोंड हळूहळू पांढरं पडत गेलं आणि एक क्षण, दादा, एक क्षण मला वाटलं की त्याला कळलं. त्याचा हात डोक्यावरच्या फडक्याकडे गेला. ओट्यावर रविवारी बसायचा तो काळूराम मला दिसला.

मग त्यानं हात खाली घेतला. मान हलवली.

"तुझ्या मनात नव्हतं ते," तो म्हणाला. "मी बघितलं ना. कोरं व्हतं. कोऱ्यात आता ह्ये कुनी लिवलं?" तो पुढे झुकला आणि माझ्या डोळ्यांत बघत, अगदी मायेनं, आजारी माणसाला विचारावं तसं म्हणाला, "कोन बोलतंय गं तुझ्या तोंडून?"

पायरीवरचे दोघं उठले. त्यातल्या एकानं चपला हातात घेतल्या आणि माझ्याकडे पाठ न करता मागे सरकत रस्त्यावर गेला. मी दिलेलं पाणी तसंच होतं. काळूराम जाताना आईच्या पाया पडला. तिला म्हणाला, "काळजी घ्या आई. ही आता ही नाय."

ही बातमी कालच बाजारात पोचली असावी. जबाबाला सोबत येतो म्हणून नवशानं शब्द दिला होता. आज त्यानं इथल्या चिंधीकडून निरोप पाठवला, जमणार नाही. चिंधी लहानपणापासून आपल्या घरात येते, तुला ठाऊक आहे. आज उंबऱ्याबाहेर उभी राहून बोलली. मी पाणी पुढे केलं तर म्हणाली, आत्ताच प्यायले. तिचे ओठ कोरडे होते. बरोबर तिची मुलगी होती. मी तिच्याकडे बघून हसले, तर चिंधीनं तिचं तोंड पदरानं झाकलं.

आई म्हणते, जबाब राहू दे, गजा येईपर्यंत घरात बस. हिरू म्हणतो, मी येतो. त्याची बायको त्याला सोडेल असं वाटत नाही.

मी उद्या जाणार आहे. विठाबाई नेरळहून पहिल्या गाडीनं येईल, मी तिला कर्जत स्टेशनवर घेईन आणि तिथून एसटीनं खालापूर. ती एसटी लोधिवलीवरून जाते. गावाच्या थांब्यावर थांबते. आम्ही दोघी खिडकीपाशी बसणार आहोत.

चंद्रा